पांढरी फांदी

आमच्या विरारच्या इमारतीत कुणाचं रोप रुसलं की कुंडी माझ्याकडे यायची. माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे सगळे. आगाशीला माझी मैत्रीण राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या हिरव्या-पांढऱ्या मनीप्लांटची फांदी मी मागितली, तर तिने नावालाही हिरवा ठिपका नसलेली, पांढरीशुभ्र फांदी कापून दिली. "सगळ्यात देखणी तुला," म्हणाली. मी हरखले.

गॅलरीत जिवापाड जपूनही फांदी करपून गेली. मैत्रिणीला सांगितलं तर हसली, "तुझ्या हाताचा गुण गेला गं!" मला ते खरंच वाटलं. नंतर मी कुणाच्याही कुंडीला हात लावला नाही.

परवा तिच्या अंगणात शिरले, तर ती विद्यार्थ्यांना तेच झाड दाखवत होती. "पानाचा पांढरा भागही हिरव्यासारखाच श्वसन करतो, साखर जाळतो. पण अन्न बनवत नाही, हिरव्याच्या जिवावर जगतो. नुसती पांढरी फांदी लावली तर ती मरणारच."

मला पाहताच तिने विद्यार्थ्यांना घाईने दुसऱ्या झाडाकडे वळवलं.

फांदी द्यायची नव्हती, तर नाही म्हणायचंस. माझ्या हाताला कशाला नावं ठेवलीस?