न ऐकलेली चार प्रकरणं

मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि नवऱ्याची नोकरी अकोल्याला. आधी तो अपडाउन करायचा. पाठ दुखू लागली तेव्हा तिथेच खोली घेतली आणि शनिवारी घरी येऊ लागला. आम्ही एका वर्गात शिकलेलो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. फोनवर मात्र दोघंही मुके. म्हणून त्याने वाचायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून एखाद्या पुस्तकाचं एक प्रकरण मोठ्याने वाचायचा आणि ते थेट एका सुट्या हार्ड डिस्कवर साठवायचा. डिस्क शनिवारी डब्याच्या पिशवीतून यायची. त्या आठवड्याचं वाचन मी फोनमध्ये उतरवून घेत असे, भाजी निवडताना ऐकत असे आणि मग पुसून टाकत असे. मूळ डिस्कवर आहेच, असं वाटायचं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला आणि उठलाच नाही. कॉम्प्युटर ऑफिसचा होता, तो परत गेला. डिस्क माझ्या दिरांनी आणून दिली. तिच्यावर सोमवार ते गुरुवारची चार प्रकरणं होती, एका पुस्तकाची बारा ते पंधरा. ती मी ऐकलेली नव्हती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक येऊन गेले, तरी मी ती लावली नाही. ऐकली की संपणार होती.

आठ महिन्यांनी डिस्क जोडली तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? ‘नाही’ दाबण्याइतकं मला कळत होतं. अकोल्याला दिरांना फोन केला.

“वैनी, त्याले आता हात नका लावू. इथं एक मानूस हाये, पयले रेडिओ दुरुस्त करे. त्याच्याकडे घेऊन या.”

“बघते.”

“बघते नाई. तुमी वाचून वाचून काईतरी करसान, मले मालूम हाये.”

त्यांचं खरं होतं. ते चार दिवस माझ्याआधी एखाद्या परक्या माणसाच्या कानावर पडावेत, हे मला सहन होईना. मी दोन दिवस सूचना वाचल्या, वहीत उतरवल्या. मग डिस्क तपासून दुरुस्त करण्याची आज्ञा टाइप केली. मध्ये एक प्रश्न आला: हरवलेल्या तुकड्यांच्या फाइली करायच्या का? मी ‘होय’ दाबलं. तासाभराने पाहिलं तर नवऱ्याने दिलेली नावं, पुस्तक, प्रकरण, वार, सगळं गेलेलं. त्या जागी ओळीने नुसते आकडे. एकही फाइल उघडेना.

तेव्हा अकोल्याला गेले. दीर सोबत आले. दुकानातल्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला.

“रिपेर कोनं चालवलं?”

“मी.”

“कावून?”

का चालवलं याच्या उत्तरादाखल मी वही पुढे केली. दीर म्हणाले, “वैनी लायब्रीत हायेत ना. पुस्तक वाचून आपरेशन बी करतीन.”

“मंग पयले डिस्कची नक्कल काढा लागते, ते नव्हतं का पुस्तकात?”

होतं. नक्कल ठेवायला तेवढीच मोठी दुसरी डिस्क लागते, म्हणून मी ते पान सोडून दिलं होतं. तसं सांगितल्यावर तो हसला नाही. म्हणाला, आधी फक्त यादी बिघडली होती, माल जागेवर होता. दुरुस्तीने तुकडे सापडतील तसे जोडले आणि काहींवर नवं लिहिलं. माझी उभी नोकरी नोंदवह्यांत गेलेली. दुसऱ्यांदा समजावून सांगायची गरज पडली नाही.

आठवड्याने त्याने बोलावलं आणि हेडफोन पुढे केला.

“कोनती फाइल कायची, ते तुमालेच समजन, मॅडम. मी दोन-दोन सेकंद लावून पाह्यलं, चालते का नाई तेवढं. बाकी आइकलं नाई.”

मी मान खाली घातली. गिऱ्हाईक येत-जात होतं, कुणाचा तरी प्रिंटर खडखडत होता, आणि मी एकेक फाइल लावत होते. जुनी पुस्तकं बरीच निघाली. तेरा, चौदा, पंधरा नव्हतीच. बारावं सुरू झालं. खाकरून नवऱ्याने प्रकरणाचा आकडा सांगितला, मग अर्धं पान वाचलं, आणि एका वाक्याच्या मध्येच त्याचाच आवाज भलत्याच पुस्तकातलं वाचू लागला.

“मी ते बटन दाबलं नसतं तर?” मी विचारलं.

दुकानातल्या माणसाने दिरांकडे पाहिलं, मग वायर गुंडाळू लागला. “असं सांगता नाई येत, मॅडम.”

भला माणूस होता.

घरी आल्यावर पुस्तक काढलं आणि ते वाक्य शोधलं. गाडीच्या चाकाला वंगण घालायचं राहिलं होतं, एवढंच त्यात होतं. नवरा ‘वंगण’पर्यंत पोचला होता. उरलेले तीन-चार शब्द मी डोळ्यांनी वाचले. ते त्याने कसे म्हटले असते, हे मला ठरवता येईना. मग मोठ्याने म्हणून पाहिले. तो माझाच आवाज होता. त्यापुढे मी वाचलेलं नाही.