एकतीस झिपरे

भिंगकाकांना घाबरायला कारण लागत नसे. पण या खेपेला कारण होतं, आणि ते चांगलं हातभर उंच, कुंडीसकट दारात येऊन उभं राहिलं होतं.

आधी काकांची ओळख करून घ्या. अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डोळ्यात काळं भिंग खुपसून दिवसभर दुसऱ्यांची वेळ सरळ करत बसायचे, म्हणून अख्खी इमारत त्यांना भिंगकाका म्हणायची. खरं नाव पोस्टमनलाही पत्ता वाचल्याशिवाय आठवत नसे. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. आधी बायकांची नाजूक घड्याळं सुटली, मग मनगटावरची सगळीच, आणि शेवटी दुकानही सुटलं. आता कामाचं जुनं टेबल घरात खिडकीपाशी होतं आणि त्यावर भिंतीवरची चारदोन बोजड घड्याळं उघडी पडलेली असत. घाबरटपणा मात्र पहिल्यापासूनचा. गॅस तीनदा बघायचे. कुलूप ओढायचे, जिना उतरायचे, परत चढून पुन्हा ओढायचे. "आरशात बघतानासुद्धा आधी हळूच डोकावतात, आत कोण आहे म्हणून," असं काकू चारचौघांत सांगायच्या आणि काका चारचौघांत हसायचे.

या सगळ्या भीतींवर बसलेली मोठी भीती म्हणजे अक्का. काकांची थोरली बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे काकांना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं आणि यथेच्छ धपाटे दिले ते अक्कानेच. काकांनी साठी ओलांडली तरी फोनवर अक्काचा आवाज आला की ते खुर्चीतून उठून उभे राहात.

अक्काने बीपासून वाढवलेलं एक अँथुरियम होतं. बदामाच्या आकाराची गुळगुळीत पानं, आणि त्यांच्यामधून वर येणारं लाल, मेण चोपडल्यासारखं फूल. पाहुणे हटकून विचारायचे, "प्लास्टिकचं आहे का हो?" आणि चिमटा काढून बघायचे. अशा पाहुण्यांना अक्काकडे दुसऱ्यांदा चहा मिळत नसे. पहिलं फूल यायला चार वर्षं लागली होती. त्यानंतर मधली दोन वर्षं झाड रुसून बसलं, आणि आता कुठे एक कळी वर येत होती, घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या सुरळीसारखी. त्या कळीकडे वाकून बघतानाच अक्काचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी टॅक्सीवाल्याने कुंडी काकांच्या दारात आणून ठेवली आणि पाठोपाठ फोन आला.

"माती वरून सुकली की पाणी. उन्हात ठेवायचं नाही. बाकी काही करायचं नाही. कळलं? शहाणपणा करायचा नाही."

"नाही अक्का," काका उभ्याउभ्या म्हणाले.

"इथे मला चालवायला एक मुलगी येते. मी तिला सांगितलंय, फूल उघडलं की चालेन. तोवर मला छळू नकोस."

काकूंनी फोन ओढून घेतला. "वन्सं, असं काय करता? डॉक्टर म्हणतात, पडून राहिलात तर कायमच्या पडून राहाल."

"मग त्याला सांग, नीट सांभाळ म्हणावं," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्काची जीभ त्यांना ठाऊक होती; ती बोलली की करायचीच. म्हणजे आता तिचे पाय कळीत होते, आणि कळी त्यांच्या टेबलावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी भिंग लावून झाडाची तपासणी केली, आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. पानांच्या बेचक्यांत पांढरे, पीठ माखलेले बारीक किडे बसले होते. रोपवाटिकावाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "पिठ्या ढेकूण असणार. रस शोषतात. वाढले तर आधी कळीच जाते." एवढं ऐकून काकांनी फोन ठेवून दिला. पुढचं ऐकायची त्यांची छाती नव्हती.

पुढचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्यांनी परत भिंग लावलं. त्या बारक्यांच्या मध्येच काही मोठे होते, तिप्पट मोठे. अंगावर पांढऱ्या झिपऱ्या लोंबत होत्या, आणि बारके आपल्या जागी चिकटून असताना हे मोठे चक्क फिरत होते. एक तर थेट कळीच्या दांड्यावर चढत होता.

"अगं, यांचे पुढारी आहेत!" काका ओरडले.

"मग बोलणी करा," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी धंद्यातली रीत धरली. घड्याळ बिघडलं की आधी मोठे भाग काढायचे, मोजायचे, डबीत ठेवायचे, डबीवर चिठ्ठी लावायची, बारक्यांचं नंतर. चिमट्याने त्यांनी एकेक झिपऱ्या उचलला आणि स्पिरिटच्या बाटलीत सोडला. हात थरथरत होता, पण झिपरे मोठे होते, सापडत होते. दुपारपर्यंत एकतीस झाले. बाटलीवर चिठ्ठी लागली: "मोठे पांढरे – ३१". कितीतरी दिवसांनी आपल्या हातून एक काम पुरं झालं म्हणून ते स्वतःवर खूश होते. बारके पानांवर तसेच राहिले. राजाच गेला तर फौज काय करणार, असा त्यांचा हिशेब.

फौजेने काय केलं ते आठवड्याभरात दिसलं. पानांवर चिकट थर आला, टेबलावर चिकट थेंब पडले, मुंग्यांची रांग लागली. बेचक्यांत कापूस कोंबल्यासारखं पांढरं झालं. एक पान पिवळं पडलं. काका सकाळी उठून त्या टेबलाकडे आधी बघायचेच नाहीत. तोंड धुऊन, चहा पिऊन, जीव मुठीत धरून जायचे.

दहाव्या दिवशी अक्काचा फोन आला.

"अरे, एक सांगायचं राहिलं. त्या पडण्याच्या गडबडीत डोक्यातून गेलं. झाडावर मोठे पांढरे झिपरे दिसतात का?"

काका उभे होते. त्यांनी टेबलाची कड धरली. "का?"

"रोपवाटिकेतून मागवलेत मी. एका भुंगेऱ्याची पिल्लं आहेत. दिसतात त्या पिठ्यासारखीच, पण त्यालाच खातात. सोंग घेऊन शत्रूच्या घरात जेवायला बसतात मेली. त्यांना हात लावू नकोस. आहेत ना?"

"आहेत," काका म्हणाले. बाटली समोरच होती. आहेत हे काही खोटं नव्हतं.

"किती?"

"एकतीस."

पलीकडे अक्काने तो आकडा स्वतःशी एकदा पुटपुटला. "बरं," अक्का म्हणाली. "कळी?"

"आहे."

फोन ठेवून काकांनी बाटली उजेडात धरली. स्पिरिटमध्ये पांढऱ्या झिपऱ्या विरघळून गेल्या होत्या. आत होते ते राखाडी, सहा पायांचे, जबड्याचे नीट घडवलेले जीव. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि भिंग डोळ्यातून गळून पडलं.

"पहारेकरीच मारले गं मी," ते म्हणाले.

काकूंच्या ओठावर काहीतरी चेष्टा आली होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ती गिळली. इमारतीतली माणसं सांगतील, काकूंनी आलेली चेष्टा गिळणं ही केवढी गोष्ट आहे.

रोपवाटिकावाला फोनवर म्हणाला, नवी पिल्लं यायला तीनचार आठवडे लागतील. औषध फवारलं तर पुढे ती पिल्लंही मरतील, आणि कोवळी कळी सोसेल की नाही, तो सांगू शकत नव्हता. "मग आता त्यांचं काम कोण करणार?" काकांनी विचारलं. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही."

आणि काका झाडावर चढले म्हणायला हरकत नाही. सकाळी तीन तास, दुपारी दोन तास. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक किडा टिपायचा, ओल्या फडक्याने पान पुसायचं, पान उलटायचं, पुन्हा भिंग. काल साफ केलेल्या बेचक्यात आज परत ठिपके. झोपेतही काकांची बोटं चिमटीसारखी मिटत. काकूंनी त्यांचं नवं नाव ठेवलं, "बत्तिसावा". "बत्तिसावे, चहा झालाय, खाली उतरा."

अक्काचा फोन रोज यायचा. "किती आहेत?"

"एकतीस."

"छान."

तो "छान" काकांच्या पाठीतून थंडगार उतरायचा.

एका दुपारी त्यांना कळीच्या बुडाशी, जिथे सुरळीची कड दांड्याला चिकटलेली असते त्या फटीत, पांढरा ठिपका दिसला. तिथे स्पिरिट चालणार नव्हतं. कोवळी साल करपली असती. उघडा चिमटाच घालायला हवा होता. फट केसाएवढी आणि हात पानासारखा हलत होता. याच हाताने एका बाईंच्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग तुटली होती, तेव्हापासून काकांचं एकेक काम सुटत गेलं होतं. आता स्प्रिंगच्या जागी अक्काचे पाय होते.

"मी धरू का मनगट?" काकूंनी विचारलं.

"नको. तू धरलंस की दोघं हलू."

काकांनी कोपर टेबलावर दाबलं, श्वास रोखला, दोन ठोक्यांच्या मधली स्थिर जागा शोधली आणि चिमटा आत घातला. किडा आला. बाहेर येताना हात एकदाच दचकला आणि कळीवर नखाएवढा ओरखडा उमटला. त्यातून पाणी सुटलं. काका तो ओरखडा बघत अर्धा तास बसून होते. काकू घड्याळांची टिकटिक ऐकत त्यांच्या शेजारी बसल्या.

कळी गळली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. नवव्या दिवशी सकाळी सुरळी सैल झाली आणि संध्याकाळपर्यंत फूल लाल पाकळीसारखं उघडलं. मधोमध एक फिकट चरा होता, कोणीतरी पेन्सिल ओढल्यासारखा.

काकूंनी फोन केला. काका जागेवरच उभे राहिले. आठवड्याने अक्का वॉकर खटखटवत त्यांच्या दारात आली. जिना चढून आली होती. घाम आला होता, पण आली होती.

तिने फूल बघितलं. चऱ्यावर बोट फिरवलं. मग खुर्चीत बसली आणि टेबलावर नजर टाकली. घड्याळवाला सुटा भाग कधी फेकत नाही. बाटली तिथेच होती, चिठ्ठीसकट.

काकांनी घाईने बाटलीवर हात ठेवला. "अक्का, मी..."

"पहिल्या दिवशीच कळलं मला. जिवंत असताना ते कोणाला मोजू देतात होय रे? एका जागी बसतात का? आणि रोज एकतीस! एखादा तरी कमी करायचास, मेल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घाबरून झाडाला हात लावला नसतास. खोटं सांभाळायला तरी झाड सांभाळशील, असं वाटलं." तिने वॉकरवर हात ठेवला. "आणि इकडे मीही घाबरले होते. रोज आकडा ऐकायचे आणि त्या मुलीबरोबर चार पावलं टाकायचे. म्हटलं, तो मेला तिकडे थरथरत किडे टिपत बसला असेल, तर मी तरी का पडून राहू?"

काका बाटलीवरची चिठ्ठी सरळ करू लागले. काकूंनीच विचारलं, "न्यायचं ना झाड?"

"कशाला? मला अजून वाकता येत नाही. राहू दे याच्याकडे." अक्का उठली. "दुसरी कळी येतेय खालून. बघितलीस का?"

काकांनी बघितली नव्हती.

त्याच आठवड्यात रोपवाटिकेतून डबी आली. काकूंनी चिमटा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. काकांनी झिपरे पानावर सोडले, हात पाठीमागे घट्ट बांधले आणि भिंग लावून बसले. एक झिपऱ्या नव्या कळीकडे निघाला होता. काका खुर्चीतच पुढे सरकले.

"खातोय का?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही," काका म्हणाले, आणि बघत राहिले.