आखणीचे तास

मुलीच्या काळजाला भोक आहे हे कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि तिचा बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्यासाठी कमी उत्पन्नाचा दाखला हवा. कमाई ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की संपलंच. तेव्हापासून मला जी धास्ती लागली ती लागलीच. दारात सायकल वाजली तरी दचकायचे.

मी हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. अंगाचा रंग कुणीही शिकतं, डोळ्यांना मात्र कसलेला हात लागतो. श्वास धरून एका दमात रेघ ओढावी लागते. म्हणून आखणीवालीला सगळ्यांत जास्त मजुरी, आणि आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत. हंगामात शेठ म्हणायचे, "दिवसभर बस गो, काम पडलंय." दिवसभर बसले तर दाखला जाणार. अर्धा दिवस बसले तर औषधं कुठून आणू? रोह्याचा माझा भाऊ धाटावला कंपनीत पॅकिंगला लावतो म्हणाला. आठ तासांची शिफ्ट, पगाराची चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे कमाईचा आकडा कागदावर, मी नको म्हणाले. भाऊ चिडला, "भित्री हायस नुसती!" होते भित्री. त्याच्या पोरीचे ओठ निळे पडत नव्हते.

शेवटी मी दिवसभर बसले, आणि घरी चौकशीला आलेल्या तलाठ्याला धडधडीत खोटं सांगितलं. "भाऊसाहेब, सणाच्या आधी दोन तास जाते. मूर्ती पुसायला." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. रंग निघावा म्हणून हात मी रॉकेलने घासघासून लाल केले होते. "बरं," म्हणाले आणि लिहून घेतलं.

आठ-दहा दिवसांनी तेच भाऊसाहेब घरचा गणपती ठरवायला आमच्याच कारखान्यात हजर! मी मागच्या रांगेत, मुलगी शाळेतून येऊन माझ्या पायाशी बसलेली. आवाज ओळखला आणि कुंचला खाली ठेवला, पदर तोंडावर ओढला, मूर्तींच्या आड आकसून बसले. जा बाबा, लवकर जा, एवढंच मनात.

त्यांनी नेमकी मी आखलेली मूर्ती पुढे घ्यायला लावली. उभ्या उभ्या बघितली आणि म्हणाले, "डोळे तिरके आलेत. शिकाऊ माणूस बसवलंत वाटतं?"

शेठनी घाईघाईनं दुसरी मूर्ती पुढे केली. त्यांना माझी भानगड माहीत होती. मी गप्प राहायचं होतं, एवढंच तर करायचं होतं! पण माझं टाळकं सटकलं. बारा वर्षं आखणी केली, माझ्या डोळ्यांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. उठलेच. "तिरके? देव काय उभ्यानं बघतात? खाली बसा जरा. देव पाटावर आन् आपण खाली, तिथनं बघणाऱ्यासाठी मी डोळे काढलेत!"

बाकीची गिऱ्हाइकं हसली. भाऊसाहेब खाली बसले, मूर्तीकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून बसले ते.   त्यांनी तीच मूर्ती ठरवली आणि गेले.

पुढचे चार दिवस माझी रेघ एका दमात निघेना. तेव्हा शेठनी आखणी काढून घेतली आणि मला खरोखरच मूर्ती पुसायला बसवलं. मुलीला दोनदा धाप लागली, आणि दोन्ही वेळा वाटलं, हे माझ्या जिभेनं केलं. दाखल्यासाठी भाऊसाहेबांचा अहवाल पेणला तहसील कचेरीत न्यायचा होता. पाचव्या दिवशी मुलीला घेऊन चावडीवर गेले.

अहवाल तयार होता, त्यांच्या तळहाताखाली. दोन तास, मूर्ती पुसणे, मी सांगितलं तसंच लिहिलेलं. सहीसुद्धा झालेली. मी हात पुढे केला, तर त्यांचा तळहात हलेना. बाकावर गावातली चार माणसं बसली होती. त्यांना ऐकू जाईल असं भाऊसाहेब म्हणाले, "काय बाई, त्या दिवशी चारचौघांत मला खाली बसवलंत. आता सांगा, डोळे तिरके होते का सरळ?"

मी कागदाकडे बघत होते. "तिरके होते, भाऊसाहेब."

"ऐकू नाय आलं."

"तिरके होते. माझंच चुकलं."

त्यांनी हात उचलला. मी कागद घेतला, घडी करून पोलक्यात खुपसला. मुलीनं माझा पदर ओढला. "आये, सरळ व्हते ना गो? मी पन बसून बघितले..."

मी तिचं तोंड दाबलं. दोन पावलं चालली की धापा टाकणारी माझी पोर, आणि भाऊसाहेब दुसऱ्या माणसाशी बोलायला लागेपर्यंत मी तिच्या तोंडावरचा हात काढला नाही.