टाचणीवहिनीचा जास्तीचा अर्ज

माझी वहिनी कपडे शिवते. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून आम्ही नणंदा तिला टाचणी म्हणतो. तोंडावर म्हणतो, ती रागावत नाही. साधं अस्तर घ्यायचं तरी ती बाजारातली सगळी दुकानं पालथी घालते, प्रत्येकाला भाव विचारते आणि शेवटी पहिल्याच दुकानातून घेऊन येते. माझ्या भावाने तिच्याबरोबर बाजारात जाणं केव्हाच सोडलंय.

घरमालकिणीचं मुलीकडे राहायला जायचं ठरलं आणि आमच्या दोन खोल्या विकायला निघाल्या. "पहिला हक्क तुमचा," ती म्हणाली, "पण महिनाअखेरपर्यंतच हं." खोल्या गेल्या तर मशीन कुठे मांडायचं, जमलेली गिऱ्हाइकं पुन्हा कुठून आणायची? वहिनीची झोप उडाली. घरकर्जालाही तिने अस्तराचाच न्याय लावला. एका ठिकाणी विचारून भागतं होय? चार बँकांत रीतसर अर्ज देऊन आली. कुठूनच धड उत्तर येईना, तेव्हा पाचव्या बँकेत मला सोबत नेलं.

तिथला साहेब तरुण होता, पण समजूतदार. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मशीनचं कर्ज वेळेवर फेडलंय, एक हप्ता चुकलेला नाही. तरी क्रेडिट स्कोअर, म्हणजे तुमच्या पतीचे गुण, खाली आलेत. इतक्या बँकांनी तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवलाय ना! तुम्ही स्वतःचा रिपोर्ट कितीदाही बघा, काही बिघडत नाही. पण कर्जाचा अर्ज केला की बँक तो मागवते, त्याची नोंद होते आणि थोडे गुण जातात. एकदम एवढे अर्ज दिसले की वाटतं, माणूस फार अडचणीत आहे."

"अडचणीत आहेच की!" वहिनी उसळली. "नाहीतर इथे कशाला तडफडले असते?"

त्याला हसू आलं. "आमच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहात. जेवून आलो की पुन्हा एकदा तपासतो आणि फाईल मंजुरीला पाठवतो. तोवर नवीन अर्ज नको."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर येताच तिने माझं मनगट धरलं. "अगं, सकाळीच समोरच्या बँकेत फॉर्म देऊन आलेय!"

मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. रस्ता ओलांडताना एका स्कूटरवाल्यानेही साधारण तेच ऐकवलं.

"माझा फॉर्म परत द्या," वहिनी काउंटरवर धापा टाकत म्हणाली. तिथली बाई निवांतपणे गठ्ठा चाळू लागली. फॉर्म अगदी तळाशी निघाला.

"अजून रिपोर्ट मागवलेला नाही," बाई म्हणाली. "पण परत कशाला नेताय? आमचा व्याजदर पाव टक्का कमी आहे."

वहिनी थबकली. मला वाटलं, संपलं सगळं, ही आता खुर्ची ओढून बसणार.

"नको," ती म्हणाली. "द्या तो इकडे."

मग आम्ही साहेबाच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसलो. वहिनीने परत आणलेला फॉर्म चार घड्या घालून पर्समध्ये कोंबला. साहेब आला, त्याने स्क्रीन पाहिली, पुन्हा पाहिली.

"नवीन काही नाही. पाठवतो पुढे."

वहिनीने त्याचे आभारही मानले नाहीत. सगळ्या बँकेदेखत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडायला लागली. "आता आपल्याला घरातून कुणी उठवणार नाही ना गं?"