आमच्या वाडग्यातला बर्फ

आमच्या घरामागच्या वाडग्यात, म्हशीच्या गोठ्याशेजारी, एक लोखंडी धूड उभं आहे. खाली पिंप, बाजूला मोटर, वर कूलरचा पंखा. पाहुणा हात धुवायला मागं गेला की विचारतोच, "मावशी, हे काय वं?" मी एक किस्सा सांगायला घेते. तेवढ्यात आमचे मालक ओसरीवरून ओरडतात, "म्हशीचं सांगितलं का?" म्हशीचं सांगावं तर सोपानला गंगाबाईचं आठवतं, आणि गंगाबाईचं निघालं की खुद्द गंगाबाईच भिंतीपलीकडून म्हणते, "खोटं सांगू नको, मैने, मी ऐकतेय!" असं करता करता पाहुण्याची एसटी चुकते. तुम्हाला एसटी धरायची नाही ना? मग बसा निवांत.

तर आटपाट चौसाळा होतं. तिथं एक म्हातारा होता, त्याला सारं गाव बापू म्हणायचं, तेच आमचे मालक. एक म्हातारी होती, ती मी, मैनाबाई. त्यांचा एक ट्रकवाला लेक होता, सोपान. आणि त्या सोपानची लांबच्या मुलखातली राणी होती, पूनम.

सोपान सफरचंदं आणायला हिमाचलात गाडी घेऊन जायचा. एकदा बर्फात गाडी अडकली. पूनमच्या वडलांच्या ढाब्यावर मुक्काम पडला. रस्ता मोकळा झाला, गाडी निघाली, पण आमचं पोरगं तिथंच अडकलं! तिच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न झालं. पूनमचे वडील पुढं दोन शब्द बोलायला लागले, भाऊ तर रोज फोन करायचा. आईनं मात्र लेकीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. फोनवर लेकीचं तोंड दिसलं की ती उठून आत जायची. इकडं पूनम कामं करायची, विचारलं तर हसायची, आणि फोन ठेवला की चुलीपुढं बसून राहायची. मी पण लेकी दिलेली बाई आहे. मला का कळत नव्हतं?

*

पाचवा महिना लागला आणि पूनमचं अन्न तुटलं. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागेल ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या." आमच्यात तर हे डॉक्टरनं सांगायची गरजच नाही. पोटुशीचे डोहाळे मोडायचे नाहीत, ही रीतच आहे.

मी विचारलं, "काय खाऊ वाटतंय गं? चिंच? कवठ? भाजकी माती?"

ती लाजून म्हणाली, "बर्फ, मांजी."

हात्तिच्या! मालक तसेच उठले आणि हायवेवरून लाल-पिवळा बर्फाचा गोळा घेऊन आले. पळत आले, तरी निम्मा रंग त्यांच्या धोतरावर!

पूनमनं गोळा बघितला आणि मान हलवली. "ये वाली नहीं, मांजी. जो ऊपर से गिरती है."

मग हळूहळू सांगितलं. तिकडं पहिला बर्फ पडला की तिची आई अंगणातला वाटीभर उचलून आणायची, वरून गूळ किसायची आणि मायलेकी उंबऱ्यात बसून खायच्या.

आमच्या चौसाळ्यात साधा ढग आला तरी माणसं बघायला अंगणात येतात, आणि हिला वरून पडणारा बर्फ पाहिजे! मालकांनी लई विचार केला. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

"गूळ हाय आपल्याकडं. निम्मं काम झालं!"

*

उरलेलं निम्मं काम मुनीर मिस्त्रीकडं गेलं. मुनीर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाला कूलर-मोटरी दुरुस्त करणारा. त्याची आई माझी जिवाची मैत्रीण होती, म्हणून तो मला मावशी म्हणतो. सोपाननं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ दाखवला. परदेशात एक माणूस पाण्याचा फवारा आणि दाबाची हवा एकत्र सोडतो आणि त्याच्या अंगणात बर्फ पडतो. मुनीर म्हणाला, "बस, इतकंच? कंप्रेसर पंक्चरवाल्याकडं हाय, फवारणीचा नवा पंप तुमच्याकडं हाय. पडला म्हणून समजा!"

मार्गशीर्षातली थंडी. पहाटे उठून सगळे वाडग्यात जमले. मोटर सुरू झाली. असला फवारा उडाला म्हणता! बर्फ सोडून सगळं झालं. मालक भिजले, सोपान भिजला, म्हैस भिजली. भिंतीपलीकडं गंगाबाईनं चूल पेटवायला आणलेलं सरपण भिजलं. तिनं पलीकडून अशा शिव्या दिल्या की थंडी पळाली!

मालक कुडकुडत म्हणाले, "मिस्त्री, मशीन बिघडलं का रं?"

मुनीरनं मशीनभोवती एक चक्कर मारली. इथं हात लावला, तिथं कान लावला. आणि म्हणाला,

"मशीन एकदम बराबर हाय, बापू. हवा गरम हाय. ती बदलायचं काम आपल्या दुकानात होत न्हाई!"

*

मग मुनीरनंच दुसरा रस्ता काढला. बर्फ तयार आणायचा, भुगा करायचा आणि वरून उडवायचा. सोपान बीडला बर्फाच्या कारखान्यात गेला आणि भल्यामोठ्या लाद्या पोत्यात, भुशात गुंडाळून टेम्पोत घालून आला.

आता आमच्याकडं घरी बर्फाची लादी कधी येते, ते तुम्हाला माहीतच आहे. घरात कुणी गेलं आणि लेकीबाळी लांबून येणार असल्या की! भर दुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला, दोन माणसांनी लादी उचलून आत नेली, आणि अख्ख्या गल्लीनं बघितलं. दुकानदारानं शटर खाली ओढलं. कुणीतरी सुतळी आणि बांबू आणायला पळालं.

गंगाबाई तोंडाला पदर लावून धावतच आली आणि माझ्या गळ्यात पडली. "मैने! कसं गं झालं? सकाळी तर बिडी ओढत बसलते!"

मला काही कळेना. पण बाई "देवमाणूस गं, देवमाणूस!" म्हणत एवढी हंबरून रडायला लागली की मला पण रडू फुटलं! आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडतोय, मागून बायका येतायत, आणि आतून आमचे मालक हातात कपबशी घेऊन बाहेर आले.

गंगाबाईनं जी किंकाळी फोडली! मालकांनी शांतपणे बशी पुढं केली.

"रडून झालं आसल तर चहा घे, गंगा. आणि मघाशी माझ्याबद्दल चांगलं बोलत हुतीस, ते परत एकदा म्हण!"

*

लादी आली खरी, पण भुगा कशानं करायचा? मुसळानं ठेचला तर खडे झाले. मालक म्हणाले, "कडबा कुट्टीचं मशीन कशाला हाय मग? वाळला कडबा बारीक करतंय, त्याला बर्फाचं काय?"

मशीन घासून पुसून घेतलं. एका बाजूनं बर्फ घातला, दुसऱ्या बाजूनं भुगा पडायला लागला. पण मशीन कितीही धुतलं तरी पात्यांच्या सांदीतला कडबा काही निघाला नव्हता. ढीग झाला तो सगळा पिवळा-हिरवा. मुनीर म्हणाला, "भेळ दिसतीय, मावशी!"

आणि कुट्टीचा आवाज झाला म्हणजे वैरण आली, हे आमच्या म्हशीला पाठ. तिनं खुंट्याला असा हिसका दिला की खुंट्यासकट आली आणि सरळ ढिगात तोंड घातलं. एक मोठा घास घेतला. आणि तिथंच थांबली. तोंड उघडं, डोळे मोठे. मग हळूच मान वळवून तिनं मालकांकडं बघितलं. जन्मभर ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्याकडं बघावं, तसं!

त्या संध्याकाळी तिनं मालकांना कासेला हात लावू दिला नाही. अजूनसुद्धा मालकांनी वैरण टाकली की आधी हुंगते, मग त्यांच्याकडं बघते, आणि मगच खाते.

*

त्यानंतर मुनीरनं हे आत्ताचं मशीन केलं. जुन्या पिंपात फिरती पाती बसवली, वर कूलरचा पंखा, आणि पंख्याला पत्र्याचं लांब तोंड, म्हणजे भुगा उंच उडून अंगणभर पडेल. पौषात शुभकार्य काही करायचं नसतं, म्हणून डोहाळजेवण माघावर गेलं आणि त्याला निवांत महिना मिळाला. दुकानात लोकांच्या मोटरी पडून, आणि हा आमच्या वाडग्यात! गिऱ्हाइकं मागं यायची भांडायला आणि पाना धरून उभी राहायची. त्या माणसांचे उपकार मी कुठं फेडू?

कारखान्याचा बर्फ खायचा नसतो म्हणून मुनीरच्या बायकोनं, शकीलानं, आपणहून पाणी उकळलं, गाळलं आणि तिच्या फ्रीजरात खायचा बर्फ वेगळा लावला. चाचणीच्या दिवशी तो डबा घेऊन ती वाडग्यात आली आणि नेमकं तेव्हाच मुनीरनं बटन दाबलं. पत्र्याचं तोंड चुकून त्याच्याकडंच होतं! बघता बघता त्याची काळीभोर दाढी पांढरीफेक, भुवया पांढऱ्या, टोपी पांढरी.

शकीलानं डबा खाली ठेवला. नवऱ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाली,

"अजी, बुढापे में अच्छे दिखेंगे तुम!"

आणि पूनम हसली. तोंडावर पदर धरून नाही, खळखळून, गोठ्याच्या मेढीला धरून हसली. आमच्या घरात आल्यापासून तिचं तसलं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मग शकीलाच्या डब्यातला बर्फ बारीक करून वाटीत घातला, वर मी गूळ किसला. पोरीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली, आणि जरा वेळानं आपणहून म्हणाली, "मांजी, भाकरी है?"

मी पाठ फिरवून भाकरी थापायला बसले. त्या दिवशी परातीतलं पीठ जरा सैलच झालं!

भाकरी पोटात जायला लागली. पण एकदा तिचं डोकं विंचरताना मी म्हटलं, "डोहाळजेवणाला तुझ्या आईला फोन लावू या." तर म्हणाली, "लगा लो, मांजी. पर माँ नहीं बोलेगी."

*

माघात डोहाळजेवण केलं. कुणाचं नावेत करतात, कुणाचं चांदण्यात, कुणाचं झोपाळ्यावर. आमचं बर्फात! बायका भर दुपारी स्वेटर घालून आल्या. गंगाबाई तर नवऱ्याची कानटोपी घालून आली. कपाळावर घाम, पण टोपी काढेना!

लिंबाला झोपाळा बांधला होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पूनम झोपाळ्यावर बसली. मी ओटी भरली, शकीलानं भरली, गल्लीतल्या सगळ्या लेकुरवाळ्यांनी भरली. लाइट जाऊ नये म्हणून शकीला तिच्या देवाला विनवत होती, मी माझ्या. कुणी ऐकलं माहीत नाही, पण लाइट टिकली.

सोपाननं फोन लावून पूनमपुढं धरला. तिकडं भावानं उचलला. त्याच्या मागं भिंतीशी तिची आई स्वेटर विणत बसलेली, आमच्याकडं पाठ. नमस्कार-चमत्कार झाले. पाठ काही वळेना. पूनम भावाशी बोलत होती, पण डोळे सगळे त्या पाठीवर.

मालकांनी हात वर केला. मुनीरनं बटन दाबलं.

आधी मोटर घरघरली. मग पत्र्याच्या तोंडातून पांढरं उंच उडालं, उन्हात चमकलं आणि हळूहळू, पिसासारखं खाली यायला लागलं. लिंबावर पडलं, झोपाळ्यावर पडलं, पूनमच्या केसांवर, वेणीवर पडलं. बायकांची गाणी थांबली. पूनमनं डोळे मिटून तोंड वर केलं.

तिकडं भाऊ ओरडला, "माँ! देख तो!"

पाठ वळली. विणणारे हात थांबले. ती बाई उठली, आणि मला वाटलं, झालं, गेली आत. पण ती फोनजवळ आली. इतकी जवळ की सगळ्या फोनभर तिचंच तोंड. लेकीला बघितलं. वरून पडणारं ते पांढरं बघितलं. परत लेकीला बघितलं. मी झोपाळ्याची दोरी घट्ट धरून ठेवली होती.

आणि ती कडाडली,

"पूनम! सिर ढक पहले! बर्फ में कोई ऐसे बैठता है?"

पूनमनं हिरवा पदर डोक्यावर ओढून घेतला.