नावामागचा नंबर

रफिक जमादारांना कुणाचंही नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कंचा?" माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "अहो, मला एकच नवरा आहे." तर म्हणे, "तुमाला एकच, सिस्टर. सांगलीत त्या नावाचे लय असतील." असा राग यायचा या माणसाचा.

नव्वदीच्या शेवटी आमच्या सांगलीच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याचा प्रोग्रॅम या वडूजच्या माणसाने लिहिला होता. मी तिथे नर्स होते. पेशंटच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप केली, की खाली तशी सगळी नावं उघडायची. "नाव आपल्याला दिसायपुरतं," जमादार समजावायचे. "मशीन आतनं नंबर धरतंय. एका नंबराला एकच माणूस." म्हणून गाव आणि वय विचारल्याशिवाय त्यांचा प्रोग्रॅम पुढे सरकतच नसे. बाहेर रांग वाढायला लागली तसे डॉक्टर वैतागले. "जमादार, एंटर मारला की पहिलं नाव उचललं पाहिजे. मला बाकी काही सांगू नका." जमादारांनी बरेच दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी तसं करून दिलं. पोटासाठी दुसरं काय करणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत तासगावहून एक बाळंतीण आणली. तापाने फणफणलेली, हाक मारली तरी डोळे उघडेना. काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती, म्हणून मशीनवर जमादारच बसले होते. सासूने नाव सांगितलं, वैशाली संपत पाटील. त्यांनी अक्षरं दाबली, एंटर मारला आणि आत आवाज दिला, "पेनिसिलीन मागं दिलंय, चाललंय." डॉक्टरांनी मान हलवली. मी इंजेक्शन भरायला घेतलं.

बाहेर जमादारांनी सवयीप्रमाणे सासूला विचारलंच, "कंच्या संपतची?"

"मळ्यातल्या. आवं, हिला लग्नाआदी हितंच आणली व्हती की तिच्या बापानं. तवा सुरेखा व्हती ती. नाव आमी बदललं."

सासूने माहेरचं सगळं नाव सांगितलं, मशीनवर बटणांची खटखट झाली, आणि मग मला खुर्ची पडल्याचा आवाज आला. बाईमाणसाकडे मान वर करून न बघणारा हा माणूस धावत आत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. "देऊ नका. मी काढली ती वैशाली दुसरी हाय. हिला मागं पेनिसिलीन सोसलं न्हाई, मरता मरता वाचलीया."

"खात्री आहे का?" डॉक्टर ओरडले. "वेळ नाही आपल्याकडे."

जमादार पोरीच्या कानाशी वाकले. "सुरेखा." काहीच नाही. "ए सुरेखा."

"ओ," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

डॉक्टरांनी औषध बदललं. पोरगी शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला, पण आली. सासूने जमादारांच्या पायाला हात लावला, तसे ते मागे सरले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते जिन्यात बसले होते. म्हटलं, "तुमच्यामुळे वाचली हो ती."

"माझ्यामुळंच मरत व्हती, सिस्टर," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गाव-वयाचा प्रश्न परत बसवायला मशीनकडे गेले.