तपकिरी बाटल्या आणि आमचे सर

आमच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये बाटल्यांपेक्षा सरांचे किस्से जास्त साठलेत. बाटलीला बुरशी लागली की निदान फेकता तरी येते!

डाळिंबाच्या पानाचा तुकडा जेलीसारख्या खाद्यावर ठेवला की त्यातून पेशींचा गोळा वाढतो. त्या गोळ्यात फिनॉल नावाची रसायनं किती तयार होतात हे मोजणं, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. फिनॉल भरपूर असले की गोळा तपकिरी पडतो. मला तेच हवं होतं. सरांची हयात मात्र केळीची रोपं करण्यात गेलेली. तिथे तपकिरी म्हणजे संपलं.

माझी पहिली बाटली त्यांनी उजेडात धरली. "मेली ही. फेक."

मी म्हटलं, सर, जिवंत आहे आणि हीच कामाची आहे. चिडले की सरांच्या तोंडी त्यांच्या गावची, नातेपुत्याची बोली येते. "लई शानी हायस की तू!"

*

लॅबमधली माझी जोडीदार शबाना. दिवसभर काय तपकिरी पडतंय ते बघतो, असं तिनं घरी सांगितलं. तिची अम्मी म्हणाली, "कटा बैंगन बी काला पडता. उसके वास्ते कॉलेज काय कू?"

हे ऐकून सर इतके खूश झाले की माझ्या प्रोजेक्टची गाईड म्हणून अम्मीलाच नेमायला निघाले.

*

मग सरांनी मला मदत केली. न विचारता माझ्या खाद्यात कोळशाची पूड घातली. केळीवाल्यांचा जुना उपाय, कोळसा फिनॉल शोषून घेतो.

"आता दिसतंय का तपकिरी कुठं?"

दिसणार कसं? अख्खी जेली डांबरासारखी! सगळं पुन्हा लावलं. 

*

गोळे पुन्हा वाढले, काही तपकिरी, काही अजून पांढरे, आणि नेमकी तपासणी कमिटी आली. सकाळी रॅकवर फक्त पांढरेशुभ्र गोळे. तपकिरी बाटल्या गायब, सरांनी फेकल्याच असणार. सर पाहुण्यांना बुचं काढून गोळे दाखवत होते.

बुचं उघडल्यानं चार दिवसांत त्या पांढऱ्या बाटल्यांत बुरशी. सबमिशन तोंडावर, नवे गोळे वाढायला महिना तरी हवा. मी स्टुलावर बसूनच राहिले.

सरांनी त्यांचं स्टीलचं कपाट उघडलं. स्वेटरमागे माझ्या तपकिरी बाटल्या, एकूण एक, स्वच्छ!

"पावन्यांसमोर लाज नको म्हणून ठिवल्या. फेकवंनात."

चाचणीत फिनॉल जितके जास्त तितका निळा रंग गडद, आणि तो इतका गडद आला की शबानानं मला मिठीच मारली.

*

परवा पुन्हा कमिटी आली. पुढच्या रांगेत माझ्या तपकिरी बाटल्या. एका पाहुण्यानं मागच्या पांढऱ्या गोळ्यांकडे बोट दाखवलं.

सर म्हणाले, "त्या होय? मेल्यात. फेकायच्यात."